मोटरसायकल नॅव्हिगेटरमधली वाहन-सेटिंग: प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५

कामाची व्याप्ती ठरवली. उपकरण एकच, गार्मिन झूमो मालिकेतलं, पाणीरोधक, हातमोज्यांनी चालणारं. ते आलटूनपालटून दोन बाईकवर लागणार: रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ (टाकी १५ लिटर) आणि हिरो एक्सपल्स २०० (टाकी १३ लिटर). क्वचित गाडीतही जाईल. नकाशाचा वापर मुख्यतः मुंबई, पुणे, कोकण आणि विदर्भाच्या रस्त्यावर.

वाहनाची सेटिंग म्हणजे एकच बटण असा समज सोडून द्यावा लागतो. उपकरणात ‘वाहन’ तीन जागी येतं. नकाशावर आपली जागा दाखवणारं चित्र ही एक जागा. रस्ता कसा काढायचा ते ठरवणारी प्रोफाइल आणि तिच्यासोबतची टाळण्याची यादी ही दुसरी. तिसरी जागा नकाशाच्या फायलीत: कोणत्या रस्त्यावर कोणत्या वाहनाला बंदी आहे ही माहिती. आपल्याकडे घोळ होतो तो बहुतेक तिसरीत, आणि लोक मेनू चाळत बसतात पहिल्या दोनांत.

महाराष्ट्रात हे चैनीचं काम नाही. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू, मुंबईचा अटल सेतू, कोस्टल रोड, जे. जे. उड्डाणपूल: सगळीकडे दुचाकीला बंदी. उपकरणाने त्यातल्या एकाच्या रॅम्पवर नेऊन सोडलं की मागून येणाऱ्या ट्रकसमोर बाईक वळवायची वेळ येते. हे होऊ नये एवढ्यासाठी पुढचं सगळं.

५ ऑक्टोबर

माउंट आणि वीज. हिमालयनच्या हँडलबारवर एक इंची बॉलचा माउंट, यू-बोल्टने. बोल्टला निळं थ्रेडलॉक (नट सुटू न देणारा गोंद) लावलं. सिंगल सिलिंडरच्या थरथराटात ते नसेल तर नट हळूहळू सुटतोच.

माउंटच्या केबलला दोन तारा: लाल आणि काळी. लाल तारेतला फ्यूज बॅटरीच्या जवळ राहील असा ठेवायचा, कारण तार कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा उघडाच असतो. थेट बॅटरीला जोडलं तर चावी काढल्यावरही माउंटला वीज मिळत राहते आणि उपकरण आपणहून बंद होत नाही. म्हणून चार पायांचा रिले (चावीच्या विजेवर चालू-बंद होणारा स्विच) घातला; आकडे त्याच्या पायांचे: ३० बॅटरीकडून फ्यूजमार्गे, ८७ माउंटकडे, ८६ टेललाइटच्या तारेकडे, ८५ चासीला. हेडलाइटची तार फोडून थेट वीज घेण्याचा सोपा मार्ग मुद्दाम टाळला. तिथला जोड पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग दिवा आणि नॅव्हिगेटर दोन्ही लुकलुकतात.

मल्टिमीटरवर तपासलं. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. माउंटच्या टोकाशी यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली तर दोष अर्थिंगमध्ये शोधायचा.

वाहन-सेटिंगशी याचा संबंध असा: माउंटची वीज मिळते त्यावरून उपकरण आपण बाईकवर आहोत हे ओळखतं. इंधनाची मोजणी आणि चावीबरोबर आपोआप चालू-बंद होणं त्यावरच चालतं. टेबलावर यूएसबीला लावून इंधनाचा मेनू शोधत बसू नये.

११ ऑक्टोबर

प्रोफाइल. ‘मॅप अँड व्हेइकल’खालचं ‘व्हेइकल’ उघडलं की बाईकची, गाडीची रंगीत चित्रं येतात. तिथे बाईक निवडली म्हणजे उपकरणाला बाईक कळली असं नाही. त्याने फक्त नकाशावरचं चित्र बदलतं, रस्ता तोच राहतो. वाहन-प्रकार, रस्ता काढण्याची पद्धत आणि टाळण्याची यादी नॅव्हिगेशनच्या भागात स्वतंत्र असतात. मॉडेल आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार मेनूची मांडणी बदलते; म्हणून नावावर न जाता परिणामावर जायचं.

परिणाम तपासायला रस्त्यावर उतरायची गरज नाही. सेटिंगमधला जीपीएस सिम्युलेटर चालू केला की उपकरण उपग्रहांचा सिग्नल घेणं थांबवतं आणि आपली जागा नकाशावर कुठेही ठेवता येते. मग ठरावीक जोड्यांचे रस्ते काढून पाहायचे. आमच्या जोड्या अशा:

कळंबोली ते किवळे (द्रुतगती महामार्ग)
वांद्रे रेक्लमेशन ते वरळी (सागरी सेतू)
शिवडी ते चिर्ले (अटल सेतू)
इगतपुरी ते शिर्डी (समृद्धी)
भायखळा ते सीएसएमटी (जे. जे. उड्डाणपूल)

प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनी काढायची. रस्ता काढल्यावर वळणांची यादी उघडून रस्त्याचं नाव वाचायचं; नुसती निळी रेघ पाहून भागत नाही. कामशेतच्या आसपास जुना रस्ता आणि द्रुतगती इतके जवळजवळ धावतात की छोट्या पडद्यावर रेघ कुठल्यावर आहे ते कळत नाही. भायखळ्याच्या जोडीत तर उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकावर एक आहेत.

यापुढे काहीही बदललं (प्रोफाइल, नकाशा, सॉफ्टवेअर) की या जोड्या पुन्हा काढायच्या. सिम्युलेटर बंद करायला विसरलं तर सकाळी उपकरण ‘उपग्रह मिळत नाहीत’ म्हणून बसतं, तेव्हा बंद केल्याची खात्री करूनच उठायचं.

१२ ऑक्टोबर

टाळण्याची यादी. सगळ्यात जास्त सुचवले जाणारे दोन उपाय आधी तपासले आणि दोन्ही बाद केले.

पहिला, ‘हायवे टाळा’. हे बटण रस्त्याचा नकाशातला दर्जा पाहतं, वाहनबंदी पाहत नाही. जुना मुंबई–पुणे रस्ता हाही राष्ट्रीय महामार्गच, त्यामुळे द्रुतगतीबरोबर तोही जातो आणि गावागावातले आडरस्ते पुढे येतात.

दुसरा, ‘टोल टाळा’. वरवर पाहता हुशार उपाय, कारण द्रुतगतीवर टोल आहे. पण जुन्या रस्त्यावरही सोमाटणे आणि वरसोलीला टोलनाके आहेत. पुणे–कोल्हापूरला खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. हे बटण चालू ठेवलं की उपकरण या सगळ्यांना वळसे घालायला लागतं. आणि राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाहीच! जे पैसे द्यायचेच नाहीत ते वाचवण्यासाठी शेताच्या कडेने फिरायचं, याला अर्थ नाही. टोल टाळणं: बंद.

बाकीची यादी अशी लावली. यू-टर्न टाळा: चालू, दुभाजकाच्या रस्त्यावर मागे वळा म्हणणारा आवाज हेल्मेटमध्ये नको. कच्चे रस्ते टाळा: हिमालयनवर बंद, रात्रीच्या प्रवासात चालू. पण कच्च्याचं बटण नकाशात रस्त्याचा पृष्ठभाग नोंदलेला असेल तरच काम करतं. गावाकडच्या हजारो रस्त्यांवर ती नोंदच नसते, त्यामुळे चालू ठेवलं तरी खडीवर जाणार नाही याची हमी नाही. फेरीबोट टाळा: बंद. त्यावर २२ नोव्हेंबरची नोंद पाहा.

१८ ऑक्टोबर

स्वतःची टाळण्याची यादी, म्हणजे ‘कस्टम अव्हॉइडन्स’. दोन प्रकार: क्षेत्र टाळा आणि रस्ता टाळा.

क्षेत्र टाळताना पडद्यावर वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा दाबून चौकोन काढायचा. समृद्धीच्या उघड्या माळावर तो चालतो. मुंबई–पुणेवर चालत नाही: चौकोनात द्रुतगती आला की शेजारचा जुना रस्ताही येतो आणि दोन्ही बंद होतात. त्यामुळे तिथे रस्ता टाळायचा: सुरुवातीचा बिंदू निवडा, पुढे, शेवटचा बिंदू निवडा, झालं.

अख्खा द्रुतगती निवडत बसायची गरज नाही. दोन इंटरचेंजच्या मधला किलोमीटरभर तुकडा पुरतो. मध्ये उतरायला जागा नसल्याने तेवढा बंद झाला की त्या टप्प्यातून जाणारा रस्ताच काढता येत नाही. शेडुंग, खालापूर, कुसगाव, तळेगाव, किवळे या जागांच्या आतल्या बाजूला असे तुकडे घातले.

इथे एक गोष्ट हमखास राहते. दुभाजकाचा रस्ता नकाशात दोन वेगळ्या रेघांनी काढलेला असतो. पुण्याकडे जाणारी रेघ बंद केली तरी मुंबईकडे येणारी उघडीच असते. प्रत्येक तुकडा दोनदा घालायचा, आणि जोड्या दोन्ही दिशांनी काढायच्या त्या यासाठीच.

खंडाळ्याच्या घाटात तुकडा घालायचा नाही. तिथे काही अंतर जुन्या रस्त्याची आणि द्रुतगतीची वाहतूक एकाच पट्ट्यावरून जाते. तो बंद केला तर उपकरणाच्या दृष्टीने घाटच नाहीसा होतो आणि खोपोलीहून पुण्याला पाली, विळे, ताम्हिणी असा लांबचा फेरा निघतो. घाटातल्या त्या टप्प्यावर उपकरण काय म्हणतं यापेक्षा फलक आणि उभे असलेले पोलीस काय सांगतात ते पाहायचं.

अटल सेतू आणि सागरी सेतूवर समुद्राच्या मध्यावर छोटा चौकोन. शेजारी दुसरा रस्ताच नसल्याने बिनधास्त. जे. जे. उड्डाणपुलावर चौकोन चालत नाही, खालचा मोहम्मद अली रोडही बंद होतो. तिथे पुलाचा तुकडा निवडायचा आणि निवडताना नकाशा पूर्ण जवळ आणायचा. बोट जरा सरकलं की खालची रेघ पकडली जाते.

ही यादी जीपीएक्स (मार्ग आणि बिंदू साठवणाऱ्या) फायलीत जात नाही. उपकरण मूळ स्थितीत आणलं की ती पुसली जाते. म्हणून प्रत्येक तुकड्याचे दोन्ही बिंदू वहीत दशांश अंशांत लिहून ठेवले.

८ नोव्हेंबर

कस्टम यादीने काम भागतं, पण ते ठिगळ आहे. उद्या समृद्धीला नवा इंटरचेंज झाला की यादी अपुरी पडणार. दुरुस्ती नकाशातच हवी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवरून स्वतःचा नकाशा बनवायला घेतला.

लागणारं सामान: जावा असलेला संगणक, माहितीचे तुकडे (टाइल) पाडणारा ‘स्प्लिटर’, नकाशा बनवणारा ‘एमकेजीमॅप’, आणि जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरचा भारताच्या पश्चिम विभागाच्या माहितीचा उतारा. अख्खा भारत उतरवायची गरज नाही. पश्चिम विभागात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही येतात. उतारा रोज ताजा होतो.

मूळ अडचण अशी. गार्मिनच्या नकाशा-फायलीत प्रत्येक रस्त्यासोबत वाहनबंदीच्या खुणा असतात, आणि एमकेजीमॅपमधून ज्या वाहनांसाठी ती खूण लावता येते ती ठरलेली आहेत: कार, बस, टॅक्सी, ट्रक, डिलिव्हरी, आपत्कालीन, सायकल, पायी. मोटरसायकल त्यात नाही. म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणी प्रामाणिकपणे ‘मोटरसायकल: नाही’ असा टॅग (रस्त्याला जोडलेली माहितीची चिठ्ठी) लावला असला तरी साध्या पद्धतीने बनवलेल्या नकाशात तो गळून पडतो. या रस्त्यावर कार चालते ना, मग रस्ता उघडा! बाईकवाल्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका गाळणीत आहे असं आमचं मत झालं आहे.

उपाय: कारची खूणच मोटरसायकलसाठी वापरायची. एमकेजीमॅपच्या मूळ शैलीची (नकाशा कसा बनवायचा ते सांगणाऱ्या नियमांच्या फायलींची) प्रत काढली आणि तिच्यातली प्रवेशाचे नियम असलेली फाइल उघडली. तिथे कारची खूण ‘मोटरकार’ या टॅगवरून ठरते. त्या जागी ‘मोटरसायकल’ टॅग वाचायला लावला. तो नसेल तर ‘मोटर व्हेइकल’, तोही नसेल तर ‘व्हेइकल’, शेवटी ‘ॲक्सेस’. ही उतरंड याच क्रमाने हवी. जास्त नेमका टॅग आधी.

मोटरकारचा नियम ठेवून त्यात मोटरसायकलची भर घालायची नाही, तो काढूनच टाकायचा. ‘मोटरकार: नाही’ असलेल्या अरुंद गल्ल्या आणि जुने पूल बाईकला मोकळे असतात. भर घातली तर गाडीची बंदीही बाईकला लागते आणि हे रस्ते हातचे जातात.

त्याच शैलीत टोलची खूण लावणारा नियम काढून टाकला. आता ‘टोल टाळा’ चुकून चालू राहिलं तरी या नकाशावर त्याचा काही परिणाम होत नाही.

९ नोव्हेंबर

नकाशा बनवला. स्प्लिटरला एका टाइलमधल्या नोडची (नकाशातल्या बिंदूंची) कमाल मर्यादा मूळचीच, १६ लाख. संगणकाची मेमरी कमी पडली तर ती खाली आणायची. टाइलची संख्या वाढते, बाकी फरक नाही. एमकेजीमॅपला रस्ता काढता येण्याचा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो. तो राहिला तर नकाशा सुंदर दिसतो पण त्यावर रस्ता निघत नाही. फॅमिली क्रमांक (नकाशाची ओळख) वेगळा दिला, नाहीतर उपकरणातल्या दुसऱ्या नकाशाशी तो भिडतो.

नावांचा प्रश्न. रस्त्यांची आणि गावांची नावं देवनागरीत यावीत अशी फार इच्छा होती. त्यासाठी युनिकोड नकाशा (कोडपेज, म्हणजे अक्षरांचा संच, ६५००१) बनवावा लागतो, आणि नव्या उपकरणांपैकी बरीचशी घरी बनवलेला युनिकोड नकाशा उघडत नाहीत. म्हणून कोडपेज १२५२ ठेवलं आणि नावांचा क्रम आधी इंग्रजी, मग आंतरराष्ट्रीय, मग मूळ असा दिला. क्रम न देता १२५२ वापरलं तर देवनागरी अक्षरांचं जमेल तसं लिप्यंतर होतं आणि गावाचं नाव ओळखू येत नाही.

फाइल फॅट-३२ केलेल्या मायक्रोएसडी कार्डवर, ‘मॅप’ नावाच्या फोल्डरमध्ये. जुन्या उपकरणांना फोल्डरचं नाव ‘गार्मिन’ लागतं. उपकरणाच्या नकाशा-यादीत हा नकाशा चालू आणि मूळ भारताचा नकाशा बंद. दोन्ही चालू ठेवले तर दिसणारा रस्ता एकाचा आणि निघणारा मार्ग दुसऱ्याचा, असा गोंधळ होतो. निळी रेघ रस्त्यापासून सरकलेली दिसली की आधी हेच तपासायचं.

कस्टम यादी तात्पुरती बंद करून जोड्या काढल्या. ज्या पट्ट्यांवर टॅग होता ते सगळे टाळले गेले. जिथे रॅम्पवर टॅग नव्हता तिथे मार्ग रॅम्पपर्यंत जाऊन परत फिरत होता. प्रत्यक्ष फलक पाहून खात्री झालेल्या रॅम्पना ओपनस्ट्रीटमॅपमध्येच टॅग घालायचा. दुसऱ्या कोणाच्या नकाशावरून उतरवून घालायचा नाही. आज टॅग घातला तर पुढच्या उताऱ्यात तो येतो आणि नकाशा नव्याने बनवावा लागतो.

हा नकाशा फक्त बाईकचा आहे. उपकरण गाडीत नेलं तर तो बंद करून मूळ नकाशा चालू करायचा, नाहीतर गाडीसुद्धा खंडाळ्याच्या जुन्या घाटाने पुण्याला जाईल. कार्डावर मार्करने ‘बाईक’ लिहिलं.

१५ नोव्हेंबर

इंधनाची सेटिंग. उपकरण टाकीतलं पेट्रोल मोजत नाही. फुल्ल टाकीत किती किलोमीटर जाता येईल हा आकडा आपण द्यायचा, आणि ते चाललेलं अंतर त्यातून वजा करत जातं. आकडा चुकीचा तर गेज चुकीचा.

आकडा काढण्याची रीत: फुल्ल ते फुल्ल ॲव्हरेज, सामानासकट. घाट आणि लगेज धरून हिमालयनला २७ धरले. १५ लिटरपैकी २ लिटर हिशोबात धरायचेच नाहीत. १३ गुणिले २७ म्हणजे ३५१, उपकरणात ३५०. कमी पेट्रोलचा इशारा ६० किलोमीटर उरले असताना. म्हणजे इशारा २९० व्या किलोमीटरला वाजतो. तोवर साधारण पावणेअकरा लिटर गेलेले असतात आणि टाकीत सव्वाचार लिटर खरे उरलेले असतात. मेहकर ते कारंजा अशा पट्ट्यात रात्री पंप बंद सापडले तरी पुढचं गाव गाठता येतं.

पंपावर फुल्ल केलं की लगेच रिसेट. पाचशेचं टाकलं तर रिसेट करायचं नाही; केलं तर उपकरण टाकी भरली असं धरतं आणि पुढचा इशारा पेट्रोल संपल्यावर वाजतो. रिसेट न केल्याने गेज खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, ते चालेल.

उपकरण घरी ठेवून बाईक गावात फिरली तर ते अंतर मोजलं जात नाही. लांबच्या प्रवासाला निघताना टाकी फुल्ल करून रिसेट केल्याशिवाय गेजकडे पाहायचंच नाही. बाईकचं ट्रिप मीटर हीच अंतिम खात्री.

२२ नोव्हेंबर

कोकण किनारा. इथे फेरीबोटीचं बटण सगळं ठरवतं. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड: या जंगलजेट्ट्यांवर बाईक चढते आणि किनारा जोडला जातो. ‘फेरी टाळा’ चालू राहिलं तर दाभोळहून पलीकडच्या गुहागरला जायला उपकरण दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वरचा फेरा देतं, आणि तो बरोबरच आहे असं वाटतं, कारण कुठेही चूक दिसत नाही.

बटण बंद असूनही फेरी घेतली जात नसेल तर नकाशातली फेरीची रेघ तपासायची. ती दोन्ही तीरांवर रस्त्याला चिकटलेली हवी. जेट्टीचा शेवटचा तुकडा सुटलेला असेल तर मार्ग निघत नाही. फेरीच्या रेघेवर मोटरसायकलला परवानगीचा टॅगही हवा. आमच्या शैलीत प्रवेशाचे नियम बदललेले असल्याने हे दोनदा पाहिलं.

उपकरणाला बोटीची वेळ माहीत नसते. पोचण्याची वेळ दाखवताना ते थांबणं धरत नाही. संध्याकाळची शेवटची बोट कधी हे जेट्टीवर फोन करून विचारायचं, आणि दाखवलेल्या वेळेत प्रत्येक जेट्टीमागे तासभर मनाने मिळवायचा.

२९ नोव्हेंबर

वेगमर्यादा आणि इशारे. पडद्यावर दिसणारी मर्यादा नकाशातली असते आणि ती बहुधा कारची असते. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १००, मोटरसायकलला ८०; नगरपालिका हद्दीत कारला ७०, मोटरसायकलला ६०. राज्य सरकार किंवा स्थानिक फलक याहून कमी ठेवू शकतो. पडद्यावर १०० दिसलं म्हणून ९५ ने जाणारा बाईकस्वार नियम मोडतच असतो. मर्यादेचा आवाजी इशारा त्यामुळे बंद ठेवला. खोट्या आकड्यावरचा इशारा नसलेला बरा.

तीव्र वळणाचे इशारे ताम्हिणीत आणि आंबेनळीत इतक्या वेळा वाजतात की इंटरकॉमवर दुसरं काही ऐकू येत नाही. घाटात बंद, सपाटीवर चालू.

‘ॲडव्हेंचरस राउटिंग’ला (वळणावळणाचे रस्ते निवडणाऱ्या पद्धतीला) वळणं, चढउतार आणि मोठे रस्ते टाळणं यांच्या पट्ट्या सरकवता येतात. सह्याद्रीत वळणं मध्यावर ठेवली तरी पुरे. टोकाला नेली की उपकरण पुणे–महाडला भोरमार्गे वरंधा घाट धरतं. तो रस्ता सुंदर आहे, पण पावसाळ्यात दरडींमुळे वाहतुकीला बंद होत असतो आणि उपकरणाला त्याची खबर नसते. जून ते सप्टेंबर वरंध्यावर कस्टम तुकडा घालायचा, ऑक्टोबरमध्ये रस्ता सुरू झाल्याची खात्री करून काढायचा. हे वहीत कॅलेंडरसह लिहिलं.

६ डिसेंबर

मार्ग चुकल्यावर काय करायचं ती सेटिंग: आपोआप, विचारून, किंवा नाही. शहरात आपोआप. आखलेल्या मार्गावर ‘विचारून’, कारण आपोआप ठेवलं की चहाला रस्ता सोडला तेवढ्यात उपकरण नवा मार्ग काढतं आणि मुद्दाम घातलेला जुना रस्ता हरवतो.

मुंबई–पुणेच्या आखीव मार्गात खोपोलीच्या पुढे शिंग्रोबाच्या देवळाच्या बाजूला, कामशेतला आणि वडगाव मावळला आकार देणारे बिंदू (मार्ग तिथून नेणारे, पण थांबा न धरणारे) घातले. थांब्याचे बिंदू नाहीत: थांबा चुकला तर उपकरण परत तिथेच नेऊ पाहतं. बिंदू ठेवताना नकाशा पूर्ण जवळ आणून आपल्या दिशेच्या पट्ट्यावर ठेवायचा. बोटभर चुकून तो समोरच्या पट्ट्यावर किंवा सर्व्हिस रोडवर पडला तर उपकरण पुढच्या फाट्यावरून वळवून मागे आणतं, आणि वरून पाहता मार्ग अगदी बरोबर दिसतो.

संगणकावर आखलेला मार्ग उपकरणात गेला की ते आपल्या प्रोफाइलने आणि आपल्या नकाशाने तो पुन्हा काढू शकतं. दोन्हीकडे हाच बाईकचा नकाशा ठेवला तर फरक उरत नाही.

१३ डिसेंबर

दुसरी बाईक. एक्सपल्सवर तसाच माउंट, तसाच रिले. बदलावी लागणारी सेटिंग फक्त इंधनाची: ११ लिटर गुणिले ३८ म्हणजे ४१८, उपकरणात ४१०, इशारा ६० वर. कच्चे रस्ते टाळा: बंद.

बाईक बदलली की इंधनाचा आकडा बदलून रिसेट. हे विसरण्याची शक्यता मोठी, कारण बाकी काहीच बदलत नाही. उपकरणाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर दोन ओळी चिकटवल्या: हि. ३५०, ए. ४१०.

नागपूरच्या मे महिन्यासाठी एक नोंद. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज घेत नाही. उन्हात उपकरण चार्जिंग थांबवतं, ते बिघडलेलं नसतं. थांब्यावर माउंटमधून काढून सावलीत ठेवायचं, पण टाकीच्या बॅगेत नाही. ती इंजिनाच्या उष्णतेने तापलेली असते.

१४ डिसेंबर

राहिलेली कामं. समृद्धीच्या सिन्नर ते संभाजीनगर पट्ट्यातले रॅम्प फलक पाहून टॅग करायचे आहेत. मेहकर, मालेगाव (वाशीम), कारंजा हा जुना नागपूर रस्ता आकार देणाऱ्या बिंदूंसह जीपीएक्समध्ये आखायचा आहे. नकाशा दर तिमाहीला नव्याने बनवायचा, आणि बनवल्यावर जोड्या काढायच्या. जोड्यांमध्ये दाभोळ ते गुहागर ही सहावी घातली: इथे उत्तरात फेरी यायलाच हवी.

शैलीची फाइल, वहीतल्या बिंदूंची यादी आणि जीपीएक्स एका पेनड्राइव्हवर ठेवले. नकाशाची तयार फाइल ठेवलेली नाही. ती शिळी होते, आणि शिळ्या नकाशावर नवा रॅम्प दिसतच नाही.